ज्वारीला घातलेली आंघोळ

बादलीत धुण्याची पावडर कालवलेली, हातात जुन्या लुगड्याचं फडकं, आणि मी ज्वारीचं एकेक उभं ताट वरून खाली पुसत होते. आधी शेंड्याच्या पोटरीशी, मग पानाच्या बगलेत बोट घालून, मग मागची बाजू. घासून झालं की साध्या पाण्याचा हात फिरवायचा. ताट हिरवंगार, तुकतुकीत निघायचं. तिसऱ्या दिवसाची दुपार होती आणि आठवी ओळ संपत आली होती.

बांधावर बिरूदादा उभे होते. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून. काठीवर हनुवटी टेकवून ते बराच वेळ बघत राहिले, आणि मी बादली उचलून पुढच्या ताटाशी गेले तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"सूनबाई, नाशकाकडं असतं का हे?"

"काय?"

"पिकाला आंघोळ घालायचं."

मी त्यांना समजावून सांगितलं की ही भुरी आहे, बुरशीचा रोग, वेळीच पुसला नाही तर सगळ्या शिवारात पसरेल, तुमच्याही. आमच्या निफाडकडे भुरी म्हटलं की माणसं जेवण सोडून बागेत पळतात. गंधक मारायला हवं, पण इथल्या दुकानात मिळालं नाही, म्हणून हातानं काढतेय. बिरूदादांनी डॉक्टरचं ऐकावं तशी मान हलवली आणि ते निघून गेले. संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली होती की केराबाईची सून ज्वारीला साबण लावते.

मी बावीस वर्षांची होते. लग्नाला पाच महिने झाले होते. माहेर द्राक्षाच्या पट्ट्यातलं, सासर मंगळवेढ्याच्या बाजूला, काळ्या रानातलं. माहेरी बागेला रोज काही ना काही करावं लागायचं. इथे ज्वारी भाद्रपदाच्या शेवटाला पेरायची आणि मग तिच्याकडे बघत बसायचं. पाणी नाही, फवारणी नाही, दिवाळीनंतर आभाळातून थेंब नाही. जमीन आटते, भेगा पडतात, आणि ज्वारी त्या भेगांवर उभी राहून वाढते. मला ते बेफिकिरीचं वाटायचं. ज्वारीचं नव्हे, माणसांचं.

माझे मिस्टर भारत साखर कारखान्यावर फिटर. गाळपाच्या दिवसांत आठवड्यातून एकदा घरी. सासरे लग्नाआधीच गेलेले. म्हणजे घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. केराबाई हे नाव गावात सगळ्यांना ठाऊक होतं ते त्यांच्या बियाण्यामुळे. रानाच्या वरच्या अंगाला त्यांचा वीस ओळींचा एक तुकडा होता. तीस वर्षं त्या त्यातून उभ्या पिकातली कणसं निवडत आल्या होत्या. खळ्यात पडलेल्या राशीतून बियाणं घ्यायचं नाही, ताट उभं असताना ते कसं उभं आहे हे बघून घ्यायचं, असा त्यांचा दंडक. गावातली सतरा घरं पेरायला त्यांच्याकडून बी न्यायची, बिरूदादांचंही त्यात. बदल्यात सुगीला तेवढीच ज्वारी आणून घालायची.

आणि तो तुकडा त्यांनी मला दिला होता. पेरणी झाल्यावर आठच दिवसांनी म्हणाल्या, "सैपाकाचं मी बघती. वरचा तुकडा तुझ्याकडं. रोज जायाचं आणि संध्याकाळी मला सांगायचं, काय बघितलंस." मला आभाळ ठेंगणं झालं होतं. माझ्या भाकरीला कधी पापुद्रा सुटला नाही हे त्यामागचं कारण असावं असं भारतचं म्हणणं, पण मी ते मनावर घेतलं नाही. मला चूल नकोच होती. मला रान हवं होतं, आणि ते न मागता मिळालं होतं.

ते राखण्यासाठीच मी हा उद्योग केला. मार्गशीर्षात ज्वारी पोटरीत आली, म्हणजे कणीस अजून पानांच्या गुंडाळीत होतं, तेव्हा मला ताटांवर पांढरी पिठी दिसली. बोट लावलं की बोट पांढरं. आत्याबाई त्याच सकाळी सांगोल्याला लेकीकडे बारशाला गेलेल्या. त्या यायच्या आत सगळं निस्तरायचं आणि शाबासकी घ्यायची असं मी ठरवलं. विहिरीवरून घागरीनं पाणी वाहून वाहून माझी कंबर मोडली. आठ ओळी झाल्या आणि त्या आल्या.

घरी पिशवी टाकून, पाणीही न पिता त्या सरळ रानात आल्या. नेहमीच्या सवयीनं ताटांवरून तळहात फिरवत चालल्या. त्यांची ती चाल मला फार आवडायची. गुरांच्या पाठीवरून हात फिरवावा तशा त्या पिकातून जायच्या. पहिल्या ओळीच्या मध्यावर थांबल्या. अंगठा बोटावर चोळला. दुसऱ्या ताटाला हात लावला, पुन्हा चोळला.

मी पुढे होऊन म्हणाले, "सगळी भुरी काढली आत्याबाई. बारा ओळी राहिल्यात, त्या उद्यापासून घेते."

"पिठी कुठं गेली?"

"तीच काढली."

त्या बांधावर बसल्या. मला वाटलं प्रवासाचा शीण असेल. मग म्हणाल्या, "माझ्या आईच्या रानात ज्वारीला पिठी होती. तिच्या आईच्या रानात होती. ज्वारीला पिठी नसंल तर ती ज्वारी हाय का मका, हे कळावं कसं?"

माझ्या पायाखालची जमीन तशीही भेगाळलेली होती.

"पण पिठी करते काय?" मी विचारलं. ओशाळं झाल्यावर माणूस प्रश्न विचारतो.

"मला काय ठावं. कपाळावरचं कुकू काय करतं? असतं." मग उठून त्यांनी निकाल दिला. आवाज चढवला नाही. रोज उन्हाच्या वेळी इथे यायचं, धुतलेल्या आठ ओळी आणि न धुतलेल्या बारा ओळी, दोन्हींत काय फरक पडतो ते बघायचं आणि त्यांना सांगायचं. आठ ओळी वाळून गेल्या तर सतरा घरांपैकी निम्म्यांना बी नाही, हे मला माहीत हवं. आणि तसं झालं तर पुढच्या वर्षी मी चुलीपुढं, त्या रानात.

बिरूदादा रोज बांधावरून विचारायचे, आज केस धुवायचे होते का ज्वारीचे. मी ओठ आवळून मोजत बसायची.

तिसऱ्या दिवशीच फरक दिसला. ज्वारीला पाणी कमी पडलं की ती पानं मिटते, सुरळीसारखी गुंडाळते, म्हणजे उन्हाला कमी अंग दाखवायचं. न धुतलेल्या ओळी दुपारी एकनंतर सुरळ्या करायच्या. माझ्या धुतलेल्या ओळी दहा-साडेदहालाच मिटून बसायच्या, परीक्षेला अभ्यास न करता आलेल्या पोरांसारख्या. न धुतलेली ताटं उन्हात पांढुरकी, डोळ्याला थंड दिसायची. माझी तुकतुकीत ताटं ऊन पिऊन घ्यायची. पंधराव्या दिवशी खालची पानं पिवळी पडू लागली.

आत्याबाई दुपारी यायच्या, बांधावर बसायच्या आणि विचारायच्या. कुठली ओळ आधी मिटली? किती ताटं? खालून किती पानं पिवळी? टोकाला का देठाला? मी सांगत गेले. त्या स्वतः उठून बघायच्या नाहीत. मला वाटायचं, तोंडी परीक्षा घेतायत. एका दुपारी त्या सहज म्हणाल्या, "तुमच्या द्राक्षाला असलं काय लागत न्हाई होय?"

मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात आठवलं.

लागतं की. द्राक्षाच्या मण्यावर पांढरट लव असते. काढणीच्या वेळी बाबा घडाला हात लावू द्यायचे नाहीत, देठाला धरायचं, लव पुसली तर माल टिकत नाही, दोन दिवसांत मणी सुरकुततो. लहानपणी मी लव पुसून मणी चकाकवला म्हणून मला धपाटा बसला होता. आणि भुरी वेगळी, ती ठिपक्यांनी येते, पसरत जाते आणि तिला कुबट वास असतो. या पिठीला वासच नव्हता. मी एकदाही हुंगून पाहिलं नव्हतं.

मी आत्याबाईंना हे सगळं सांगितलं. म्हटलं, ही पिठी म्हणजे ज्वारीची लवच. आतलं पाणी आत ठेवते.

"म्हंजी तू ज्वारीची कातडी सोललीस."

"हो."

"बरं झालं सांगितलंस. मला वाटलं नुसती पावडर पुसलीस."

आता त्याला सव्वीस वर्षं झाली. मधल्या काळात मी हाताला लागेल ते वाचलं, तालुक्याच्या वाचनालयातलं, कृषी मेळाव्यात वाटलेलं, मुलाच्या अकरावीच्या पुस्तकातलं. एक भिंगही घेतलं. झाडाच्या वरच्या कातडीतल्या पेशी आत स्निग्ध द्रव्य तयार करतात आणि ते बाहेर ढकलतात. बाहेर आल्यावर त्याचं मेण होतं. काही झाडांवर ते पापुद्र्यासारखं बसतं. ज्वारीत ते केसाहून बारीक धाग्यांनी बाहेर येतं, शेवयाच्या साच्यातून यावं तसं, आणि त्या धाग्यांची दाटी आपल्याला पिठी दिसते. ती ऊन परतवते, पाणी कोंडून धरते. तहान वाढली की काही ताटं आणखी मेण करतात, काही करत नाहीत. हे सगळं मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पण काही ताटं आणखी मेण करतात हे मी वाचण्याआधी बघितलं होतं.

संक्रांतीच्या चार दिवस आधीची गोष्ट. धुतलेल्या ओळींत पाचव्या ओळीत एक ताट साडेअकरालाही उघडं होतं. जवळ गेले. पोटरीतून कणीस बाहेर पडलं होतं आणि त्याच्या खालच्या कोवळ्या भागावर पिठी होती. दाट, ताजी. मी पुसलेल्या जागेवरसुद्धा विरळ पांढरी झाक आली होती. मी ओळी पालथ्या घातल्या. साडेचारशे-पाचशे ताटांत अशी तेवीस निघाली. बाकीची तशीच चकाकत सुकत होती.

लुगड्याच्या त्याच फडक्याच्या चिंध्या करून मी तेवीस ताटांना बांधल्या आणि घरापर्यंत पळत गेले. आत्याबाई भाकरी थापत होत्या. तवा उतरवून आल्या. मी त्यांना ताटाशी नेलं तर त्यांनी बघितलंच नाही, डोळे मिटून हात फिरवला. वरून खाली. अंगठा बोटावर चोळला.

"हिनं पुन्ना केली गं," त्या म्हणाल्या. "तू एवढी घासूनबी हिनं पुन्ना केली."

एकेक करत त्यांनी तेवीसही ताटं हातानं बघितली.

ज्वारी पिवळी पडली. आठ ओळींतली बरीचशी कणसं बारीक, अर्धी पोकळ राहिली. बाकी बारा ओळी नेहमीसारख्या भरल्या. निवडीचा दिवस माघात आला. त्या दिवशी आत्याबाई सकाळी अनवाणी रानात जायच्या, विळा आणि टोपली घेऊन, एकट्या. निवड करताना सोबत कुणी नसायचं, भारतलासुद्धा बांधाच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. मी बांधावरच थांबले. माझा निकाल आज लागणार हे मला ठाऊक होतं. मी चुलीपुढच्या आयुष्याची तयारी करून आले होते.

त्या बारा ओळींच्या बाजूनं न जाता माझ्या आठ ओळींत शिरल्या. पाचव्या ओळीशी थांबल्या. आणि मला हाक मारली.

"आत ये. निवड."

"मी टोपली धरते आत्याबाई. तुम्ही निवडा."

"शैला," त्या म्हणाल्या. पाच महिने आणि वर दोन महिने, त्यांनी मला नावानं हाक मारलेली ती पहिली वेळ. "मला दिसत न्हाई."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, हे काय, समोर चिंधी बांधलीय.

"चिंधीबी दिसत न्हाई. धुकं दिसतंय. दोन वर्सं झाली. तुझं तोंडबी मी नीट बघितल्यालं न्हाई."

मग उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. गेल्या वर्षीची निवड त्यांनी चाचपून केली होती. कणीस हाताला जड लागलं की घेतलं. बियाण्यात भेसळ निघाली, बिरूदादांनी तोंडावर विचारलं, तेव्हा त्यांनी पाखरांवर ढकललं. कुणाला सांगितलं असतं तर आंधळ्या बाईनं निवडलेलं बी कोण पेरणार, सतरा घरं दुकानातली पाकिटं आणतील आणि तीस वर्षांची ज्वारी एका साली संपेल. भारतला सांगितलं असतं तर त्यानं गावभर केलं असतं, त्याच्या पोटात काही राहत नाही.

"म्हणून तुला सून केली," त्या म्हणाल्या. "लोक पोरीचं नाक बघत्यात. मी डोळं बघितलं."

आणि मला आठवलं. बघण्याच्या कार्यक्रमात त्यांनी चहा बाजूला सारून माझ्यापुढे निवडायच्या तांदळाचं सूप ठेवलं होतं. मी भराभरा खडे काढले आणि त्यांनी ते खडे तळहातावर घेऊन बोटानं एकेक मोजले होते. माझी आई दोन दिवस कुरकुरत होती, आता कुठे कुणी मुलीला तांदूळ निवडायला लावतं का म्हणून. बांधावरच्या त्या उलटतपासण्या, किती पानं पिवळी, टोकाला का देठाला. मला वाटायचं त्या मला तपासतायत. त्या माझ्याकडून बघून घेत होत्या.

मी म्हटलं, "पण तुम्ही म्हणाला होतात ओळी वाळल्या तर मला चुलीपुढं बसवणार."

"मग? धाक नको का? तू ज्वारीला साबण लावलास."

मला हसू आलं, त्यांना आलं, आणि नंतर दोघींनाही थोडं रडायला आलं. पण ते कापणीच्या धुरळ्यावर ढकलता आलं.

मग निवड केली. तेवीस चिंध्यांपैकी मी आधी मोठी कणसं घेऊ लागले तर त्यांनी हात धरला, आकार बघू नको, दाणा दातानं फोडून बघ, ताट हलवून बघ, मुळाशी किती घट्ट हाय. मी बघायचं आणि सांगायचं. त्या हात फिरवून मान हलवायच्या किंवा नाही हलवायच्या. तेविसांतली चौदा टोपलीत पडली. ती वेगळ्या गाडग्यात राखेत ठेवली आणि पुढच्या साली वेगळी पेरली. बाकीचं बी बारा ओळींतून घेतलं. सतरांपैकी एक घरही रिकाम्या हातानं गेलं नाही. बिरूदादा बी न्यायला आले तेव्हा विचारत होते, पेरण्याआधी याला आंघोळ घालायची का. आत्याबाई म्हणाल्या, "आधी तुम्ही घाला."

चैत्रात मी त्यांना सोलापूरला नेत्रशिबिरात नेलं. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. इतकी साधी गोष्ट होती ती, आणि त्यासाठी त्यांनी दोन वर्षं धुक्यात काढली. पट्टी सोडली तेव्हा मी समोर उभी होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, न्याहाळून, बियाणं बघावं तसं.

"तुझं दात पुढं हायत की गं."

"हो आत्याबाई."

"कुणी सांगितलं न्हाई." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "आता काय, पेरून झालंय."

जाड भिंगांचा चष्मा लागला आणि त्यांच्या अंगात वारं शिरलं. एसटीच्या पाट्या लांबून वाचायला लागल्या. माझ्या डाळीतले खडे त्यांना दिसायला लागले, भारतचे पांढरे केस दिसायला लागले, बिरूदादांची मिशी रंगवलेली आहे हे त्यांनी पारावर जाहीर केलं. पुढच्या पेरणीला त्या माझ्या आधी रानात हजर. वरच्या तुकड्यात रोज चक्कर. मी संध्याकाळी काही सांगायला लागले की म्हणायच्या, बघितलंय मी. चौदा कणसांच्या ओळी पांढऱ्याशुभ्र उभ्या राहिल्या, पौषातल्या उन्हातही दोनच्या आधी पान मिटेनात, तेही त्यांनीच आधी बघितलं.

मला आनंद होता आणि खोटं का बोलू, थोडं वाईटही वाटत होतं. ज्यासाठी मला आणलं ते काम संपलं होतं. माघ जवळ आला तशी मी भाकरीचा सराव सुरू केला.

निवडीच्या सकाळी त्यांनी मला उठवलं. दोघी अनवाणी निघालो. टोपली माझ्याकडे, विळा त्यांच्याकडे. चौदा कणसांच्या त्या ओळींपुढे त्या जाऊन उभ्या राहिल्या. ऊन नुकतं वर आलं होतं, ताटांवरची पिठी चमकत होती. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी ओळ बघितली. मी दोन पावलं मागे राहिले.

"चष्मा घरी राहिला गं," त्या म्हणाल्या आणि विळा माझ्यापुढे धरला. "काय सुदरंना मला. तूच निवड."

कमरेला खोचलेल्या पानाच्या चंचीतून चष्म्याची काडी बाहेर आली होती. त्यांनी ती पदरानं झाकली. मी टोपली त्यांच्या हातात दिली आणि ओळीत शिरले.